विश्लेषण : भाकरी सुटली, तूप वाढले, भाजीचे काय?

मधुमेहाचा किंवा मधुमेहपूर्व अवस्थेचा अहवाल हाती आला, की आज अनेक मराठी घरांत पहिली कुऱ्हाड भात, पोळी आणि भाकरीवर पडते. 'लो-कार्ब' हा शब्द डॉक्टरांच्या दवाखान्यातून आणि मोबाइलच्या पडद्यावरून थेट स्वयंपाकघरात पोहोचला आहे. कर्बोदके कमी करण्यामागे सबळ कारण आहे, यात वाद नाही. पण भाकरी काढून घेतल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत काय यावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. बहुतेक ताटांत ती जागा तूप, पनीर, चीज आणि अंडी घेतात. भाजी होती तेवढीच राहते. या आहाराची खरी परीक्षा इथेच आहे.

कर्बोदके कमी करण्याचा आग्रह का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्थात आयसीएमआरच्या 'इंडियाब' या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचा अंदाज मांडला. याच अभ्यासाच्या आहारविषयक भागाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीयांच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि त्यांतला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेला गहू आणि साखर यांचा असतो. प्रथिनांचा वाटा अवघा १२ टक्क्यांच्या आसपास आहे. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून फक्त तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचे पीठ आणले, तर धोका कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. म्हणजे 'भात सोडला, आता चार पोळ्या खातो' हा उपाय नव्हे. प्रमाणच कमी व्हायला हवे.

नेमके किती कमी?

'लो-कार्ब' या एकाच नावाखाली वेगवेगळे आहार चालतात. साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असतील, तर त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. २० ते ५० ग्रॅमच्या पट्ट्यात गेले की तो कीटोजेनिक होतो. कीटो आहाराचा जन्म वजन घटवण्यासाठी झालेला नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला होता. त्यात बहुतांश उष्मांक स्निग्ध पदार्थांतून घ्यायचे, हा उपचाराचाच भाग होता. आज वजन किंवा साखर आटोक्यात ठेवू पाहणारी व्यक्ती तोच नियम जसाच्या तसा उचलते, तेव्हा गडबड सुरू होते. 

'इंडियाब'च्याच माहितीवर आधारलेल्या २०२२ च्या एका विश्लेषणात, मधुमेह माघारी न्यायचा असेल तर भारतीयांसाठी ४९ ते ५४ टक्के उष्मांक कर्बोदकांतून, १९ ते २० टक्के प्रथिनांतून आणि २१ ते २६ टक्के स्निग्ध पदार्थांतून असावेत, असे सुचवले गेले. हा कीटो नव्हे. आजच्या ६२ टक्क्यांवरून दहा-बारा टक्के खाली उतरणे, एवढाच त्याचा अर्थ. अनेकांना तेवढेही पुरेसे ठरू शकते.

भाकरी गेली की काय काय जाते?

भात आणि भाकरी यांना एकाच तराजूत तोलणे ही पहिली चूक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत आणि गव्हाच्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात ते तीन ग्रॅमही भरत नाहीत. 

आता घरगुती हिशेब पाहू. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली, तर चार भाकऱ्यांतून सुमारे १३५ ग्रॅम कर्बोदके येतात, पण त्याबरोबर २० ग्रॅम तंतूही येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या शिफारशींत प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगितले आहेत. म्हणजे चार भाकऱ्या खाणाऱ्या माणसाची बरीचशी गरज त्या भाकऱ्याच भागवत होत्या. त्या बंद झाल्या आणि बाकी काही बदलले नाही, तर साखर उतरेल. पण तंतूंचा साठा कोसळेल. हे २० ग्रॅम फक्त कोबीतून भरून काढायचे म्हटले तर सुमारे ७०० ग्रॅम कोबी लागेल. गवारीतून भरायचे तर ४०० ग्रॅमच्या आसपास गवार. तूप, अंडी, मांस आणि पनीर यांत तंतू जवळपास नसतातच.

म्हणून कात्री कुठून चालवायची याचा क्रम महत्त्वाचा. साखर, मैदा, साबुदाणा आणि पांढरा भात आधी. भाकरी सर्वांत शेवटी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. आठवडाभर भाकरी टाळून उपवासाच्या दिवशी खिचडीची भरली बशी खाणाऱ्याने हा क्रम उलटा केलेला असतो.

तंतू नसले तर बिघडते काय?

पहिला फटका पोटाला बसतो. लो-कार्ब सुरू केलेल्यांची सर्वांत नेहमीची तक्रार बद्धकोष्ठतेची असते. पण तंतूंचे काम एवढ्यावर संपत नाही. भेंडी, गवार, जवस, कडधान्ये यांतला विरघळणारा तंतू आतड्यात बुळबुळीत थर तयार करतो, त्यामुळे साखर रक्तात हळू जाते. तोच तंतू पित्ताम्ले बांधून बाहेर नेतो आणि त्यामुळे एलडीएल हे वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल खाली यायला मदत होते. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, ती आतड्याच्या अस्तराचे अन्न असते. 

२०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात, सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वाधिक तंतू खाणाऱ्यांत एकूण आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू १५ ते ३० टक्के कमी आढळले. दिवसाला २५ ते २९ ग्रॅमच्या आसपास सर्वाधिक लाभ दिसला. यातील बराच भाग निरीक्षणात्मक अभ्यासांचा आहे, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या तंतूंना देता येत नाही. तरीही मधुमेह टाळण्यासाठी घेतलेल्या आहारातून हृदयाचे संरक्षण करणारा घटकच वगळणे शहाणपणाचे नाही.

मग भाज्या कमी का पडतात?

याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. मराठी घरात भाजी ही 'तोंडी लावणे' असते. मुख्य जेवण भाकरी किंवा भात. भाजी ती घशाखाली उतरवण्यापुरती. चार भाकऱ्यांबरोबर एक वाटी भाजी पुरायची. आता भाकरी एकवर आली, तर त्या हिशेबाने भाजी पाव वाटी लागते. पोट भरत नाही, मग हात पनीरच्या तुकड्यांकडे, शेंगदाण्यांच्या डब्याकडे किंवा तुपाच्या भांड्याकडे वळतो. लो-कार्बमध्ये भाजीचे सामाजिक स्थानच बदलावे लागते: ती तोंडी लावण्याची न राहता जेवणाचा मुख्य पदार्थ व्हावी लागते. भाकरी भाजीला तोंडी लावायची, असा हा उलटा व्यवहार आहे.

दुसरे कारण भीतीचे. 'भाजीतही कार्ब असतात' हे वाक्य अर्धवट ऐकलेले असते. असतात हे खरे, पण मेथी आणि पालकात १०० ग्रॅममागे दोन-तीन ग्रॅम आणि गवारीत पाच ग्रॅमच्या आसपास. बटाटा, रताळे, सुरण, अरवी यांची गोष्ट वेगळी. ती कंदमुळे धान्याच्या खात्यात मोजावीत. पण गाजराच्या कोशिंबिरीला घाबरून चीजचा दुसरा तुकडा उचलण्यात काहीच अर्थ नाही.

यात आकडेमोडीचा एक सापळाही आहे. परदेशी ॲप 'नेट कार्ब' काढण्यासाठी एकूण कर्बोदकांतून तंतू वजा करायला सांगतात, कारण अमेरिकी लेबलवर कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत मात्र कर्बोदकांचा आकडा तंतू वगळूनच दिलेला आहे. त्यातून पुन्हा तंतू वजा केले, तर खाल्लेली कर्बोदके प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात.

स्निग्ध पदार्थांचे नेमके काम काय?

स्निग्ध पदार्थांशिवाय हा आहार चालतच नाही, हेही तितकेच खरे. रोजची कर्बोदके २५० वरून १०० ग्रॅमवर आणली, तर ६०० उष्मांकांची तूट पडते. त्यातली काही तूट वजन घटवू पाहणाऱ्याला हवीच असते. पण सगळीच तूट ठेवली तर चिडचिड, थकवा आणि तिसऱ्या आठवड्यात आहाराला रामराम ठरलेला. म्हणून काही भाग प्रथिनांनी आणि काही स्निग्ध पदार्थांनी भरावा लागतो.

शिवाय भाजीलाही तेल लागते. पालेभाज्यांतला बीटा कॅरोटीन, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांच्या सोबतीने शोषली जातात. तेलाचा थेंबही नसलेले सॅलड ही परदेशी फॅशन झाली. खमंग फोडणीची मेथी किंवा दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर शरीराला अधिक देते. मात्र त्यासाठी एखादा चमचा पुरतो, पळीभर लागत नाही.

गोंधळ होतो तो 'फॅट खाल्ले की फॅट जळते' या घोषणेमुळे. कर्बोदके कमी झाल्यावर शरीर स्निग्ध पदार्थ इंधन म्हणून वापरते, हे बरोबर. पण ते ताटातले आधी वापरायचे की पोटावरचे, हे किती खाल्ले यावर ठरते. एका ग्रॅम स्निग्ध पदार्थात नऊ उष्मांक असतात, कर्बोदकांत चार. १५ ग्रॅमचा एक मोठा चमचा तूप म्हणजे सुमारे १३० उष्मांक. कॉफीत, वरणात आणि भाजीवर मिळून असे चार चमचे गेले, की पाचशेचा आकडा पार होतो आणि सोडलेल्या तीन भाकऱ्यांची बचत जवळपास वाया जाते.

तूप की तेल?

तुपाला शत्रू ठरवायची गरज नाही, तसे औषध ठरवायचीही नाही. तुपातील साठ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश संपृक्त असतो, खोबरेल तेलात तो ९० टक्क्यांच्या घरात. शेंगदाणा तेलात तो २० टक्क्यांच्या आसपास, करडईच्या तेलात त्याहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संपृक्त स्निग्धांश एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावा. १८०० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे २० ग्रॅम होते. दोन मोठे चमचे तूप ती जवळपास संपवते आणि पनीर, दही, अंडी यांतून येणारा वाटा अजून मोजायचा असतो. 

म्हणूनच लो-कार्बचा मुख्य स्निग्ध पदार्थ शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे आणि घाण्याचे किंवा साधे शेंगदाणा-करडई तेल असावा, तूप चवीपुरते. जवसात १०० ग्रॅममागे सुमारे २६ ग्रॅम तंतू आहेत. म्हणजे जवसाची चटणी एकाच चमच्यात स्निग्धांश आणि तंतू दोन्ही देते. पारंपरिक स्वयंपाकाने हा तोल आधीच साधलेला होता. जवस, कारळे आणि तिळाच्या चटण्या उगाच रोजच्या ताटात नव्हत्या.

अभ्यासांचा कौल कोणाच्या बाजूने?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 'डाएटफिट्स' हा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ६०९ जणांना वर्षभर दोनपैकी एक आहार देण्यात आला: कमी स्निग्धांशाचा किंवा कमी कर्बोदकांचा. दोन्ही गटांना भरपूर भाज्या खा आणि साखर, मैदा टाळा, असेही बजावण्यात आले. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो, दुसऱ्याचे सहा किलो घटले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा ठरला नाही. दोन्ही ताटांत समान असलेली गोष्ट भाजी होती, हे विसरता कामा नये.

त्याच वर्षी 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये सुमारे १५ हजार ४०० अमेरिकी प्रौढांचा दीर्घकालीन अभ्यास आला. कर्बोदकांतून ५० ते ५५ टक्के उष्मांक घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सर्वांत कमी होता. त्याहून खूप कमी आणि खूप जास्त, अशा दोन्ही टोकांना तो वाढला. कर्बोदकांची जागा प्राणिज पदार्थांनी घेतली तेव्हा धोका वाढता, तर दाणे, कडधान्ये, भाज्या अशा वनस्पतिजन्य पदार्थांनी घेतली तेव्हा घटता दिसला. हाही निरीक्षणात्मक अभ्यास आहे. पण काय सोडले यापेक्षा त्याच्या जागी काय आले, हा प्रश्न तो ठळक करतो.

ताटाचा हिशेब कसा मांडावा?

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेने २००० उष्मांकांच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. लो-कार्बसाठी हा आकडा कमाल नव्हे, किमान मानावा. त्यावर एका दिवसाचे मराठी ताट असे मांडता येईल: गवार किंवा घेवडा १५० ग्रॅम, मेथी-पालकासारखी पालेभाजी १५० ग्रॅम, काकडी-टोमॅटो-कोबीची कोशिंबीर २०० ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या मुगाची उसळ, ज्वारीची एक भाकरी, एक लहान पेरू, मूठभर शेंगदाणे, १५ ग्रॅम जवसाची चटणी, २०० ग्रॅम दही, १०० ग्रॅम पनीर, दोन अंडी आणि स्वयंपाकाला चार छोटे चमचे तेल.

या ताटात पचणारी कर्बोदके ९० ग्रॅमच्या आसपास, तंतू ३० ग्रॅमच्या वर, प्रथिने सुमारे ७० ग्रॅम आणि एकूण उष्मांक साधारण १३०० ते १४०० होतात. अंडी न खाणाऱ्यांनी उसळ आणि दही वाढवावे. मासे खाणाऱ्या कोकणातल्या घरात पनीरऐवजी बांगडा आला तर उत्तमच. ज्याची गरज १६०० उष्मांकांची आहे, त्याला दोनशे-अडीचशे उष्मांकांची जागा उरते. तूप, आणखी दाणे किंवा अर्धी भाकरी यांचा प्रश्न तिथे येतो. आधी भाजी, मग प्रथिने, आणि शेवटी स्निग्ध पदार्थ, हा क्रम एकदा बसला की तोल आपोआप साधतो. आज बहुतेक ठिकाणी तो उलटा, तुपापासून सुरू होतो.

एक गोष्ट लपवू नये. या ताटातही स्निग्ध पदार्थांचा वाटा उष्मांकांच्या जवळपास निम्मा होतो, तर मार्गदर्शिका तो ३० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. म्हणून हा आहार आजारानुसार घेतलेला निर्णय असावा आणि दोन-तीन महिन्यांनी रक्तातील चरबीची तपासणी व्हावी. एलडीएल वाढलेले दिसले तर तूप-पनीर कमी करून दाणे, कडधान्ये आणि भाकरी थोडी वाढवणे हाच मार्ग.

कोणी सावध राहावे?

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता कर्बोदके कापली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. एसजीएलटी-२ गटातील गोळ्या घेणाऱ्यांना कीटोसारख्या आहारात कीटोॲसिडोसिसचा धोका असतो आणि त्यात साखर फारशी वाढलेली न दिसताही प्रकृती गंभीर होऊ शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पालेभाज्यांतले पोटॅशियम आणि जादा प्रथिने दोन्ही बाधू शकतात. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत, कारण त्यांतले के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. गर्भवती आणि टाइप १ मधुमेहींनी हा प्रयोग स्वतःहून करूच नये. निरोगी माणसानेही तंतू दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत आणि पाणी भरपूर प्यावे. नाहीतर गॅस आणि पोटफुगीच वाट्याला येते.

भार कोणावर?

या आहाराचा एक हिशेब ग्रॅममध्ये मांडता येत नाही. चार जणांच्या घरात एकासाठी रोज अर्धा किलो भाजी आणायची, निवडायची, चिरायची आणि शिजवायची, हे काम बहुतेक ठिकाणी एकाच बाईच्या अंगावर पडते. गवार मोडायला आणि मेथी निवडायला लागणारा वेळ तूप वाढण्याला लागत नाही. भाजीची जागा तूप-पनीर घेते, त्यामागे हेही कारण आहे. शिवाय पावसाळ्यात भाज्यांचे भाव चढले, की सर्वांत आधी ताटातली भाजीच कमी होते. 

त्यावर उपाय वेगळ्या ताटाचा नाही, सामायिक ताटाचा आहे. मधुमेहपूर्व अवस्था एकाला निघाली, तर तोच भात, तीच साखर आणि तीच बैठी सवय घरातल्या इतरांचीही असते. सगळ्यांचीच भाजी दुप्पट आणि भात निम्मा झाला, तर दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत. ज्याच्यासाठी आहार बदलला, त्याने निदान शेंगा मोडायला बसावे. शेवगा, कोबी, दुधी, भोपळा, मोड आलेली मटकी असे स्वस्त पर्यायही बारा महिने असतात. ॲव्होकॅडो आणि बदामाच्या पिठावाचून या आहाराचे काहीही अडत नाही.

कर्बोदके कमी करणे ही सुरुवात आहे. पण साखरेचा आकडा उतरला म्हणून कोलेस्टेरॉल, आतडी आणि पुढच्या वीस वर्षांचे हृदय यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. भाकरीने सोडलेली जागा भाजीने घेतली तर हा आहार टिकेल आणि फळेल. तुपाने घेतली तर एका अहवालातला दोष दुसऱ्या अहवालात सरकेल, एवढेच.